कोकणच्या आमदारांनो, अधिवेशनाला येताय तर तिसऱ्यांची फाईल घेऊन या

प्रति,
सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड आणि वर ठाणे-पालघरपर्यंत खाडीकाठचे सगळे आमदार, पक्ष कोणताही असो

नमस्कार राजेहो,

डिसेंबर आला की तुम्ही आमच्या नागपुरात येता. १९५३ च्या नागपूर कराराचा मान राखायला येता हे आम्हाला माहीत आहे, किती दिवसांत बॅगा भरता तेही माहीत आहे, पण त्यावर भांडायला दरवर्षी वेगळी मंडळी असतात, मी आज त्यात पडत नाही. मला तिसऱ्यांवर बोलायचं आहे. हो, तिसऱ्या, खाडीच्या वाळूतले शिंपले. शिवल्या, मुळे, खुबे, तुमच्या तालुक्यात जे काही निघत असेल ते, आणि त्यांच्या भावकीतली कालवं आणि शिनाणेसुद्धा.

नागपूरच्या माणसाला याचं काय पडलंय, असं वाटेल. आमच्या मंगळवारी बाजारात आंध्रातून बर्फात आलेला रोहू-कतला मिळाला की आमचं भागतं. पण माझी बायको रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावची आहे आणि सासूबाई आजही ओहोटीला तिसऱ्या काढायला जातात, त्यामुळं घरात रोजच्या फोनवर खाडीच्या बातम्या असतात, तिकडं पाणी कसं आहे, काय मिळालं, काय नाही मिळालं. आणि दुसरं कारण जरा मोठं आहे. तुमच्या या प्रश्नाचे निम्मे कागद नागपुरात पडलेत आणि उत्तराचा मोठा भाग आमच्या गडचिरोलीत आहे. ते तुम्हाला कोणी सांगत नाही म्हणून हे पत्र.

आधी प्रश्न काय ते सांगतो, कारण तुमच्यातल्या काही जणांनी तिसऱ्या फक्त ताटातच पाहिल्या असतील, राग मानू नका.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी जसं वर चढतं तसंच ओहोटीला लांब मागं जातं, तेव्हा खाडीतली पुळण आणि चिखल उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो तेव्हा तेवढं उघडत नाही. म्हणजे महिन्यातले कामाचे दिवस आधीच मोजके, आणि त्या दिवशीही तास मोजके, कारण भरती कोणासाठी थांबत नाही. या तासांत बाया कमरेत वाकून वाळूतून तिसऱ्या काढतात, खडकावरची कालवं लोखंडी टोचणीनं फोडतात, हात कापून घेतात, मग बाजारात वाटे लावून विकतात. होडी नाही, जाळं नाही, डिझेल नाही. त्यामुळं सरकारी भाषेत त्या मच्छीमार आहेत की नाहीत हेच धड ठरत नाही. २०२० साली निसर्ग वादळ आलं, पुढच्या वर्षी तौक्ते, नुकसान मोजायला येणारे होडी मोजतात, जाळं मोजतात, गाळानं बुजलेली तिसऱ्यांची पट्टी कोण मोजणार?

आणि तरी या पट्ट्या सांभाळल्या कोणी, तर याच बायांनी. सासूबाईंच्या गावात कुठंही लिहिलेलं नाही पण सगळ्यांना ठाऊक आहे की बारकी तिसरी परत टाकायची, एका जागेवरून काढून झालं की ती जागा काही दिवस सोडून द्यायची, आणि वाडीच्या पट्टीत दुसऱ्या वाडीच्या बायांनी यायचं तर विचारून यायचं. मोडणाऱ्याला दंड नाही, पण बाजारात शेजारी बसायला कोणी जागा देत नाही, तो दंडापेक्षा वाईट.

हे नियम बाहेरच्याला लागू होत नाहीत, गोची इथं आहे. रात्री सक्शन पंप लावून वाळू उपसणारा विचारून येत नाही. तिसऱ्या वाळूतच राहतात ना, वाळू गेली की घरदारासकट गेल्या, आणि उरलेल्यांवर गाळ बसतो, त्या गुदमरतात. टेम्पो लावून वजनावर माल उचलणारा व्यापारीही बारकी-मोठी बघत नाही, आख्खं पोतं घेतो, मग गावातलीच चार पोरं पैशासाठी बारकी काढायला लागतात आणि म्हाताऱ्या बाया बोलल्या तर हसतात. वरच्या अंगाला शहराचं सांडपाणी येतं. तिसरी काय किंवा कालव काय, पाणी गाळूनच पोट भरते, पाण्यात जे असेल ते अंगात साठवते, जंतू असोत की जड धातू. म्हणजे खाडी घाण झाली की त्याची किंमत आधी शिंपल्यातून आणि मग खाणाऱ्याच्या पोटातून वसूल होते. तुमच्या मालवणी थाळीवर जगणाऱ्या पर्यटनाला हे परवडणार आहे का, विचार करा.

बाया तक्रार घेऊन गेल्या होत्या. एका ऑफिसानं सांगितलं हे आमच्याकडं येत नाही, दुसऱ्यानं सांगितलं तिसऱ्याकडं जा. नावं घेत नाही, कारण मला कोणाची बदली करायची नाही आणि खरं सांगू का, त्यात त्या साहेबांचीही फार चूक नाही. व्यवस्थाच तशी आहे. आता बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०, भरतीच्या रेषेखालचा खाडीचा तळ सरकारचा, म्हणजे वाळूचा विषय महसूलचा. मासे आणि शिंपले मत्स्य विभागाचे. काठावरची कांदळवनं वनविभागाची, त्यासाठी २०१२ पासून वेगळा कांदळवन कक्ष. जेट्टी आणि बोटीचा मार्ग मेरीटाईम बोर्डाचा. सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. आणि २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत जिवंत चिखलपट्ट्या सगळ्यात कडक अशा १-अ वर्गात टाकल्यात, ते बघायला किनारा क्षेत्र प्राधिकरण. चिखल एक आणि मालक सहा. सातवी जी रोज त्यात पाय घालते तिचं नाव सहापैकी एकाही रजिस्टरमध्ये हक्कदार म्हणून नाही. ती पट्टी बंद ठेवू शकते पण कोणाला बंद करायला लावू शकत नाही. मला जे मागायचं आहे ते एवढंच आहे: तो अधिकार तिला कागदावर द्या.

आता म्हणाल, असा अधिकार देता येतो का. म्हणूनच गडचिरोली म्हटलं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेलच, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला पण बांबू विकायला निघाले तर वाहतुकीचा परवाना द्यायला वनविभाग तयार नव्हता. हे आमचं महाराष्ट्रातलं खास, कागद देतात पण शाई देत नाहीत. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रातले पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराच्या वर गावांकडं असा हक्क आहे. सगळं सोन्यासारखं चाललंय असं मी म्हणणार नाही, काही गावांत तेंदूचे पैसे ठेकेदारानं बुडवले, काही गावांत दोन गट पडले. पण जंगल संपलं नाही. 'आदिवासींना हक्क दिला की सगळं तोडून खातील' असं तेव्हा बोलणारे आता त्या विषयावर बोलत नाहीत.

आणि माझं आवडतं उदाहरण मेंढ्याचं नाहीच, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं आहे. गोंडपिपरी तालुका, छोटंसं गाव, २०१२ मध्ये हक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातले रोख पैसे, आमच्याकडं त्यासाठी लोक रानोमाळ फिरतात. पाचगावच्या ग्रामसभेनं ठरवलं की तेंदू तोडायचाच नाही, कारण त्यासाठी झाडं छाटतात, आगी लावतात, जंगलाचं वाटोळं होतं. बांबूवर जगू म्हणाले. जंगलाचा एक तुकडा तर पूर्ण राखीव ठेवला, देवराईसारखा. सांगा बावा, कुठल्या खात्यानं हातात आलेलं उत्पन्न स्वतःहून सोडलंय? मालकी आपली आहे आणि उद्या पण आपलीच राहणार आहे हे माणसाला पक्कं कळलं तर तो थांबायला तयार होतो. सासूबाईंची बारकी तिसरी परत टाकणं आणि पाचगावचं तेंदू सोडणं, हिशोब एकच आहे.

उलटं उदाहरण पण आमच्याकडंच आहे. भंडारा-गोंदियातले माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजानं बांधलेले, पिढ्यानपिढ्या गावानं राखलेले, पाणी वाटायचे नियम, गाळ काढायचे नियम, मासे धरायचे नियम. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, ते बरंच झालं, पण तलाव सरकारजमा झाले आणि गावाचा हात सुटला. गाळ भरला, बेशरमाची झुडपं माजली, गावठी मासे कमी झाले. आता तिथं ढिवर समाजाच्या बाया पुढं येऊन काही तलाव परत उभे करतायत, बेशरम उपटतायत, पाण्यातल्या देशी वनस्पती लावतायत कारण गावठी मासा त्यातच अंडी घालतो. हे काम करताना त्यांना कळलं की मच्छीमार सोसायटीच्या वहीत नावं जवळपास सगळी पुरुषांची. ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा, कारण कोकणात तुम्ही 'स्थानिक मच्छीमार संस्थेला हक्क देऊ' म्हणाल आणि ते होडीवाल्यांना मिळेल. तिसऱ्या काढणारी बाई कोळी असेल, गाबीत असेल, खारवी असेल, भंडारी असेल, मुसलमान दालदी असेल, रायगडात कातकरी असेल. हक्क जातीला नको, संस्थेच्या चेअरमनला नको, जी चिखलात उतरते तिला द्या आणि तिचं नाव लिहून द्या.

समुद्रातल्या जिवांना जंगलाचा नियम कसा लागू पडेल, अशी शंका कोणी तरी काढेलच. मग केरळात बघा. कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे, तिथं हजारो माणसं शिंपल्यांवर जगतात, माल परदेशात जातो. नव्वदच्या दशकात उपसा जास्त होऊन शिंपले घटले तेव्हा लोकांनी, मत्स्य विभागानं आणि केंद्रीय समुद्री मत्स्यकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून नियम लावले. डिसेंबर ते फेब्रुवारी काढणं बंद, तो शिंपल्यांच्या विणीचा काळ. जाळीची भोकं मोठी, म्हणजे बारकं खाली पडतं. आणि किती बारका माल विकायचा नाही याची हद्द. २०१४ मध्ये त्या मासेमारीला एमएससी या संस्थेचं, साठा न संपवता मासेमारी करणाऱ्यांना देतात ते आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. जपानात तर १९४९ च्या कायद्यापासून किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचा आणि शेवाळांचा हक्क गावच्या सहकारी संस्थेकडंच आहे. म्हणजे जगात कोणी तरी हे करून बसलंय, आपल्याला काही नवीन शोधायचं नाही.

फक्त केरळचे महिने उचलून कोकणात लावू नका. तुमच्याकडच्या जाती वेगळ्या, विणीचा काळ वेगळा असू शकतो. त्यासाठी रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून बसलंय, त्यांना विचारा आणि बायांनाही विचारा, दोघांना एका टेबलावर बसवून विचारा. आणि वरून कुंपण तर अजिबात घालू नका. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर केलं, २९ चौरस किलोमीटर, आणि लोक आजतागायत त्याच्या विरोधात आहेत, कारण त्यांना वाटलं आपलं पाणी गेलं. त्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बाया कांदळवनाची सफारी चालवतात, स्वतः होडी वल्हवून माहिती सांगतात, तिथं कांदळवन तोडायची कोणाची हिंमत आहे का विचारा.

आता नागपुरातले कागद.

एक, वनभवन. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय इथंच, सिव्हिल लाईन्समध्ये. कांदळवनाचे जे तुकडे राखीव वन झालेत तिथं वनहक्क कायदा लागू होतो आणि त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये पाणवठ्यातले मासे आणि इतर उत्पादनं यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलाय. खाडीकाठच्या गावांनी तो दावा टाकायला हवा. बिगर आदिवासी असतील तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, ते किचकट आहे, पण तुम्ही आमदार आहात, जुने कागद काढून द्यायला प्रांताला सांगू शकता.

दोन, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ. हेही नागपुरातच. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती हवी आणि लोकांची जैवविविधता नोंदवही हवी. बऱ्याच ठिकाणी ती नोंदवही कोणी तरी बाहेरच्यानं भरून दिली, त्यात वड-पिंपळ-बेडूक आहेत, तिसऱ्यांची पट्टी कुठून कुठपर्यंत ते नाही. ते लिहून घ्या, नकाशासकट. कारण याच कायद्याच्या कलम ४१ मध्ये समितीला आपल्या हद्दीतून धंद्यासाठी जैविक माल नेणाऱ्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार आहे. टेम्पोवाल्याला पहिल्यांदा गावात थांबून पावती फाडावी लागली की त्याच्याशी बोलणीही सुरू होतील आणि बारकी-मोठी पण निघेल. एखादी खाडी जैवविविधता वारसा स्थळ पण होऊ शकते, आमचं आलापल्लीचं जंगल झालंय, तुमच्या सिंधुदुर्गातली बांबर्डे-हेवाळ्याची मायरिस्टिकाची, म्हणजे रानजायफळाच्या झाडांची, दलदल झालीय, मग तिसऱ्यांनी काय घोडं मारलंय?

तीन, नीरी आणि माफसू. पाण्यावर काम करणारी देशातली मोठी संस्था नीरी १९५८ पासून नागपुरात आहे, आणि राज्याचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० पासून. समुद्र तिकडं आणि मत्स्य विद्यापीठ इकडं, यावर कोकणात बऱ्याच जणांचं पित्त खवळतं, खवळू द्या, पण काम तर करून घ्या. युरोपात शिंपल्याच्या पाण्याला अ, ब, क असा दर्जा देतात, अ मधला माल थेट ताटात, बाकीचा शुद्ध करून. आपल्याकडं निदान मोठ्या खाड्यांतल्या पट्ट्यांवर ठरलेल्या दिवशी पाणी आणि शिंपले तपासा आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, वेबसाईटवर नको, फळ्यावर.

नदीच्या घाणीबद्दल आम्ही नागपूरकरांनी तुम्हाला शिकवावं असं नाही, आमची नाग नदी बघितली तर तुम्ही नाक धराल. तिच्या शुद्धीकरणाला १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, पुढं प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर, तिथं काकीनाड्याजवळ पण शिंपल्यांच्या पट्ट्या आहेत आणि तिथल्याही लोकांची घरं त्यावर चालतात. त्यामुळं किनाऱ्याचा प्रश्न म्हणजे किनाऱ्यावरच्यांचाच असं आम्हालाही म्हणता येत नाही.

सहा खात्यांचा गुंता एका जीआरनं सुटणार नाही हे मला कळतं. पण जी पट्टी राखीव वनात येत नाही तिच्यासाठी १९८१ चा सागरी मासेमारी कायदा आहेच, कुठल्या भागात, कुठल्या काळात, कुठल्या साधनांनी धरायचं यावर बंधन घालायचा अधिकार सरकारला त्यात आहे. ग्रामसभेनं ठरवलेला बंद काळ आणि बंद पट्टी सरकारनं त्या अधिकारात अधिसूचित करावी, आणि अशा पट्टीत वाळूचा लिलाव किंवा ड्रेजिंग काढायच्या आधी शिंपले काढणाऱ्या बायांच्या सभेचा ठराव लागेल अशी अट महसूलनं घालावी. एवढं झालं तरी पुष्कळ.

त्या बाया मोर्चा घेऊन नागपूरला येणार नाहीत. पावसाळा संपून खाडीचं पाणी निवळलेलं असतं, डिसेंबर त्यांचा कामाचा महिना, इथं टेकडी रोडवर बॅरिकेडसमोर बसल्या तर तिकडची उधाणाची ओहोटी जाते. आणि नागपूरला यायला गाडी तरी कुठं रोज आहे. म्हणून तुम्हीच बोला. लक्षवेधी टाका, पण टाकताना महसूल, मत्स्य आणि वन तिन्ही मंत्र्यांनी एकाच वेळी उत्तर द्यावं अशी टाका, नाहीतर एक उठेल आणि दुसऱ्याचं नाव सांगून बसेल.

आणि शनिवार-रविवार सभागृहाला सुट्टी असते, तेव्हा सावजी खाऊन ॲसिडिटी करून घेण्यापेक्षा मेंढ्याला चला. गाडीनं चार-साडेचार तास, सोय मी करतो. फक्त तिथं निर्णय बहुमतानं नाही, सगळ्यांच्या संमतीनं होतो, त्यामुळं बैठक लांबते. रविवारच्या संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढू नका.

आपला,
कोकणचा एक नागपुरी जावई